पाठीचा कणा आणि पालकांची दृष्टि

गवंडी भिंत बांधूं लागला म्हणजे दर थोड्या वेळानें ओळंबा लावून ती सरळ उठते आहे कीं नाहीं हें पाहतो. भिंत हातभर उंच असतांना दिसलेला बाक तेव्हांच काढतां येतो. छप्पर चढल्यावर तो दिसला तर काढणें महाग व अवघड होऊन बसतें. आपल्या घरांत वाढणाऱ्या मुलांच्या पाठीला मात्र आपण क्वचितच ओळंबा लावतों. मूल लहान असतें तोंवर आई त्याला न्हाऊं घालते, आणि त्याची पाठ रोज तिच्या डोळ्यांपुढें असते. पुढें तें नऊदहा वर्षांचें होतें, आपलें आपण स्नान करूं लागतें, लाजूं लागतें. आणि ज्या चारपांच वर्षांत कणा झपाट्यानें वाढतो नेमकीं त्याच वर्षांत ती पाठ घरांतल्या कोणाच्याहि दृष्टीस पडत नाहीं.

हा विषय शाळेच्या वार्षिक अंकांत मांडण्यास एक कारण घडलें. कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांत एक विद्यार्थिनी होती. अभ्यासांत हुशार, स्वभावानें शांत. पण वर्गांत बसली असतां ती नेहमीं एका बाजूस कललेली दिसे. “ताठ बैस” असें मीं तिला किती वेळां सांगितलें असेल याची गणती नाहीं. घरीं तिची आईहि तेंच सांगे. दोष दप्तराचा, आळसाचा, मान घालून वाचण्याच्या संवयीचा, असें आम्हां सर्वांस वाटे. ती बिचारी क्षणभर ताठ होई व पुन्हां तशीच कले. पुढें मामाच्या लग्नासाठीं तिचें पोलकें शिवावयास टाकलें, तेव्हां माप घेतांना शिंप्यानें सहज विचारलें कीं, मुलीचा एक खांदा वर कां? तेथून दवाखाना, आणि दवाखान्यांतून क्ष-किरणांचें छायाचित्र. कणा एका बाजूस चांगलाच वळलेला होता. डॉक्टरांनीं शांतपणें सांगितलें कीं, दोन वर्षें आधीं आलां असतां तर पट्ट्यानें हा बाक बहुधा थोपवितां आला असता. आतां वाढ जवळजवळ पुरी झाली आहे. जी गोष्ट आई व शिक्षक यांनीं रोज पाहूनहि पाहिली नाहीं, ती शिंप्याच्या फितीनें दाखविली.

असा प्रसंग दुसऱ्या कोणावर येऊं नये म्हणून, या बाकाचीं चिन्हें कोणतीं व तीं घरच्या घरीं कशीं पाहावीं, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम कण्याची रचना पाहूं. कणा म्हणजे एकच हाड नव्हे. जन्मतः त्यांत सुमारें ३३ मणके असतात : मानेंत ७, पाठींत १२, कंबरेंत ५, त्याखालीं त्रिकास्थीचे ५ व शेवटीं माकडहाडाचे बहुधा ४. शेवटचे नऊ वयपरत्वें एकमेकांस जुळून जातात. वरचे २४ सुटे राहतात, म्हणूनच आपल्याला वांकतां व वळतां येतें. पाठीच्या बारा मणक्यांस बरगड्या जोडलेल्या असतात, ही गोष्ट पुढें उपयोगीं पडेल. बाजूनें पाहिलें तर निरोगी कणा सरळ नसतोच. मानेशीं तो किंचित् पुढें, पाठीशीं मागें व कंबरेशीं पुन्हां पुढें असा वळलेला असतो. हीं वळणें दोष नव्हेत. चालतांना व उड्या मारतांना बसणारे धक्के तीं सोसतात. परंतु मागून पाहिलें असतां मात्र मानेपासून कंबरेपर्यंतचे सर्व मणके एका सरळ रेषेंत दिसले पाहिजेत.

या नियमाला सोडून होणारे बाक तीन प्रकारचे. कणा डावीकडे वा उजवीकडे वळला तर त्यास स्कोलिओसिस म्हणतात. पाठीचें मागील वळण प्रमाणाबाहेर वाढलें तर कायफोसिस, ज्याला आपण पोक किंवा कुबड म्हणतों. आणि कंबरेचें पुढील वळण प्रमाणाबाहेर गेलें तर लॉर्डोसिस. यांपैकीं पहिला प्रकार सर्वांत चोरपावलांनीं येतो, म्हणून त्याचाच विचार येथें विस्तारानें केला आहे.

क्ष-किरणांच्या छायाचित्रावर बाजूचा बाक १० अंश वा त्याहून अधिक भरला तर त्यास स्कोलिओसिस हें नांव देतात. मोजण्याची ही रीत जॉन कॉब या अमेरिकन अस्थिवैद्यानें १९४८ सालीं मांडली व आजहि ती सर्वत्र चालते. दहा ते सोळा वर्षांच्या दर शंभर मुलांत सुमारें दोन किंवा तीन मुलांत हा बाक आढळतो. त्यांतील बहुतेकांचा बाक लहानच राहतो व त्यांस कांहींहि उपचार लागत नाहींत. लहान बाक मुलांमुलींत जवळजवळ सारखेच. पण वाढत जाऊन उपचार लागणारे बाक मुलींत कितीतरी पटींनीं अधिक असतात. शंभरांतील सुमारें ऐंशी जणांत निश्चित कारण सांपडत नाहीं; मात्र एकाच कुटुंबांत हा दोष पुन्हां दिसण्याचा संभव असतो. म्हणून आई, मावशी, आत्या अथवा थोरली बहीण यांपैकीं कोणास तो असेल, तर धाकट्यांची पाठ अधिक काळजीनें पाहावी. उरलेल्यांत कांहींचे मणके गर्भांतच सदोष घडलेले असतात, तर कांहींत स्नायूंचे किंवा मज्जातंतूंचे विकार असतात. पूर्वीं पोलिओनेंहि पुष्कळ मुलांचे कणे वांकडे होत. २०१४ सालीं भारत पोलिओमुक्त घोषित झाला व तें एक कारण आपल्यापुरतें दूर झालें.

या बाकाचें मुख्य मर्म असें कीं, कणा नुसता वळत नाहीं, तर ओल्या धोतरासारखा पिळलाहि जातो. हें मर्म उघडकीस आलें त्याची हकीकत मोठी बोधप्रद आहे. गिडिअन मँटेल हा इंग्लंडांतील वैद्य व भूगर्भशास्त्रज्ञ. इग्वानोडॉन या नष्ट झालेल्या महाकाय प्राण्याची ओळख जगाला त्यानेंच १८२५ सालीं करून दिली. १८४१ सालीं त्याला घोडागाडीचा अपघात झाला. पुढें त्याच्या कंबरेशीं, कण्याच्या एका बाजूस, फुगवटा दिसूं लागला. ती गांठ असावी असें त्या वेळच्या वैद्यांस वाटलें. १८५२ सालीं तो वारल्यावर विल्यम ॲडम्स या शस्त्रवैद्यानें त्याचा कणा तपासला, तेव्हां गांठ मुळींच नव्हती. कणा आंतून फार वळलेला व पिळलेला होता, आणि पिळामुळें मणक्यांचे बाजूचे भाग वर उचलले जाऊन तो फुगवटा झाला होता. आश्चर्य असें कीं, पाठीवरून बोटांस लागणारीं मणक्यांचीं टोकें मात्र जवळजवळ सरळ ओळींत होतीं. म्हणजे ती ओळ चांचपून “कणा सरळ आहे” असें ठरविणें किती फसवें आहे, हें सिद्ध झालें. पुढें १८६५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत ॲडम्सनें पाठ वांकवून पाहण्याची रीत सांगितली. आज जगभर डॉक्टर प्रथम हीच परीक्षा करतात, आणि तिला खर्च कांहींच नाहीं.

आतां ही परीक्षा घरीं कशी करावी तें पाहूं. वर्षांतून दोन वेळां ती करावी. दिवाळीचें अभ्यंगस्नान ही एक वेळ व उन्हाळ्याची सुटी ही दुसरी, असें ठरविलें म्हणजे विसर पडत नाहीं. मुलींच्या बाबतींत नवव्या-दहाव्या वर्षापासून व मुलांच्या बाबतींत अकराव्या-बाराव्या वर्षापासून सुरुवात करून उंची वाढावयाची थांबेपर्यंत ती चालू ठेवावी. मुलीची पाठ आईनें किंवा थोरल्या बहिणीनें, मुलाची वडिलांनीं पाहावी. आधीं कारण समजावून सांगावें, दार लावून घ्यावें, आणि मूल नको म्हणेल तर रागावूं नये.

चांगल्या उजेडांत मुलास अनवाणी, सपाट जमिनीवर, आपल्याकडे पाठ करून उभें करावें. पाठ उघडी असावी व वेणी वर बांधलेली असावी. मग क्रमानें पुढील गोष्टी पाहाव्या. दोन्ही खांदे एका उंचीवर आहेत काय? खांद्यांचीं पातीं सारखीं आहेत, कीं एक अधिक बाहेर आलें आहे? हात सैल सोडले असतां कंबर व हात यांमधील फट दोन्हीकडे सारखी आहे काय? एक कुल्ला दुसऱ्याहून उंच दिसतो काय? डोकें बरोबर मध्यावर आहे, कीं सगळें धड एका बाजूस सरकल्यासारखें वाटतें? येथें गवंड्याचा ओळंबा खरोखरच उपयोगीं पडतो. दोऱ्याला एक किल्ली बांधावी व मानेच्या बुडाशीं जें हाड वर आलेलें लागतें तेथें दोरा धरावा. किल्ली नितंबांमधील रेषेवर स्थिरावली पाहिजे.

यानंतर ॲडम्सची परीक्षा. पावलें जुळवून, गुडघे न वांकवितां, दोन्ही तळहात नमस्कारासारखे जोडून मुलानें हात खालीं लोंबते सोडावे व पाठ जमिनीशीं समांतर होईपर्यंत हळूहळू पुढें वांकावें. पाहणारानें मागें बसून आपली नजर पाठीच्या पातळीवर आणावी, आणि सुतार रंधलेल्या फळीची कड एक डोळा मिटून पाहतो तशी पाठ पाहावी. मग समोर जाऊनहि एकदां पाहावें. पाठीचा किंवा कंबरेचा एक भाग दुसऱ्याहून उंच आला, तर तो पिळामुळें वर आलेल्या बरगड्यांचा वा स्नायूंचा उंचवटा असण्याचा संभव आहे. उभें असतांना जो दोष मुळींच दिसत नाहीं, तो वांकतांच स्पष्ट दिसतो. डॉक्टरांजवळ हा उतार मोजण्याचें एक लहानसें साधन असतें. तो सात अंशांपर्यंत गेला तर ते बहुधा छायाचित्र काढण्यास सांगतात.

त्याच वेळीं कातडीकडेहि लक्ष द्यावें. कंबरेच्या मध्यावर केंसांचा झुबका, खोल खळगा, अथवा अंगावर कॉफीच्या रंगाचे अनेक डाग असतील तर तें डॉक्टरांस अवश्य सांगावें. आंतील दुसऱ्या विकाराची ती खूण असूं शकते. उभें असतां दिसणारा तिरकेपणा बसल्यावर नाहींसा होत असेल, तर दोष कण्यांत नसून एक पाय किंचित् आंखूड असण्यांत असूं शकतो. कपडेहि पुष्कळ सांगतात. परकराचा अथवा झग्याचा घेर एका बाजूस खालीं येणें, गळा एका खांद्यावरून सतत घसरणें, सदऱ्याची एक बाही लांब वाटणें, या तक्रारी “शिंप्यानें बिघडविलें” म्हणून सोडून देऊं नयेत.

येथें एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. यांपैकीं एखादें चिन्ह दिसलें म्हणजे रोग ठरला असें नव्हे. पुष्कळ निरोगी माणसांचे खांदे थोडे खालींवर असतात. घरच्या परीक्षेचें काम निदान करणें हें नसून, डॉक्टरांकडे जावें कीं नाहीं एवढें ठरविणें हें आहे.

मग एवढी घाई कां? कारण हा बाक वाढत्या हाडांबरोबर वाढतो. मुलींची उंची ऋतुप्राप्तीच्या आधींच्या काळांत सर्वांत वेगानें वाढते व त्यानंतर सुमारें दोन वर्षांत ती थांबत येते; मुलांत हीच वाढ साधारण दोन वर्षें उशिरां होते. बाक २५ अंशांहून कमी असेल तर डॉक्टर बहुधा दर चारसहा महिन्यांनीं तपासून नुसतें लक्ष ठेवतात. तो २५ ते ४५ अंशांच्या दरम्यान असून वाढ बाकी असेल तर पट्टा देतात. ४५-५० अंशांपलीकडे गेल्यास शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. वाढ पुरी होतांना ३० अंशांच्या आंत राहिलेला बाक सहसा पुढें वाढत नाहीं. ५० च्या वर गेलेला मात्र मोठेपणींहि हळूहळू वाढत राहण्याचा संभव असतो.

पट्ट्याचा उपयोग खरोखर होतो काय, याविषयीं पुष्कळ वर्षें मतभेद होता. अमेरिका व कॅनडा येथें झालेल्या एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१३ सालीं प्रसिद्ध झाले व त्यांनीं हा वाद बराचसा मिटविला. पट्टा वापरणाऱ्या शंभरांपैकीं ७२ मुलांचा बाक वाढ पुरी होईपर्यंत ५० अंशांच्या आंत राहिला. न वापरणाऱ्यांत हें प्रमाण ४८ होतें. जीं मुलें रोज तेरा तास वा अधिक वेळ पट्टा लावीत, त्यांच्यांत तर तें ९० च्या वर गेलें. यांतून दोन गोष्टी निघतात. वेळीं दिलेला व नेमानें वापरलेला पट्टा गुणकारी आहे. आणि तो न वापरतांहि जवळजवळ निम्म्या मुलांचा बाक आटोक्यांत राहतो, म्हणून भयभीत होण्याचें कारण नाहीं. पट्टा बाक नाहींसा करीत नाहीं, तो वाढूं देत नाहीं. म्हणूनच तो बाक लहान असतांनाच हातीं लागला पाहिजे.

आतां कांहीं गैरसमजांविषयीं. १७४१ सालीं पॅरिसच्या निकोलस आंद्री या वैद्यानें मुलांचीं शरीरें सरळ राखण्यावर एक ग्रंथ लिहिला व या शास्त्राला नांव दिलें. खुंटाला दोरीनें बांधलेलें वांकडें रोप, हें त्या ग्रंथांतील चित्र आजहि अस्थिवैद्यांचें बोधचिन्ह आहे. रोप कोवळें असतांनाच आधार द्यावा, हा त्या चित्राचा बोध खरा. पण त्यावरून कणा वाटेल तसा ओढून सरळ करतां येतो, असें मात्र समजूं नये. मालीश करून, दाबून किंवा हिसका देऊन हा बाक जात नाहीं, उलट इजा होण्याचें भय असतें. जड दप्तरानें पाठ व खांदे दुखतात, म्हणून तें हलकें करावें हें योग्यच. पण दप्तरानें किंवा वांकडें बसण्यानें स्कोलिओसिस होत नाहीं. मूल वांकडें बसतें म्हणून कणा वळत नाहीं. कित्येकदां कणा वळलेला असतो म्हणून तें वांकडें बसतें. हें कारण व कार्य उलटें धरल्यामुळें आम्हीं एका निरपराध मुलीला दोन वर्षें बोल लाविले.

पोकाविषयींहि असाच विवेक हवा. “ताठ हो” म्हणतांच जें पोक नाहींसें होतें, तें संवयीचें. व्यायामानें व खेळानें तें सुधारतें. परंतु ताठ होण्याचा प्रयत्न करूनहि किंवा पालथें निजून मान वर उचलूनहि जें जात नाहीं, तें हाडांत असूं शकतें. डॅनिश वैद्य शॉयरमन यानें १९२० सालीं वाढत्या मुलांतील अशा विकाराचें वर्णन केलें, व त्यालाहि वेळीं उपचार करतां येतात.

आणि शेवटीं, ज्याबद्दल एक दिवसहि दवडूं नये अशीं चिन्हें. साध्या स्कोलिओसिसमध्यें फारसें दुखत नाहीं. म्हणून मूल पाठ दुखते असें वारंवार म्हणत असेल, रात्रीं वेदनेनें जागें होत असेल, सायंकाळीं अंग कोमट लागत असेल, वजन घटत असेल, किंवा पाठींत एकाच जागीं टोंकदार उंचवटा आला असेल, तर कण्याच्या क्षयाची शंका घेतली पाहिजे. इंग्रज शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट यानें १७७९ सालीं या रोगाचें वर्णन केलें; आपल्या देशांत तो आजहि आढळतो. अशा मुलास जमिनीवर पडलेली वस्तु उचलावयास सांगावें. निरोगी मूल कंबरेंत वांकून ती उचलतें. हें मूल पाठ ताठ ठेवून, गुडघे मोडून, खालीं बसून उचलतें. क्षयावर औषधें आहेत, तीं सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतात, व पुरा क्रम घेतल्यास रोग बरा होतो. पायांत अशक्तपणा वाटूं लागला, चाल अडखळूं लागली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मात्र त्याच दिवशीं इस्पितळ गांठावें.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांलाहि दोन शब्द सांगावयाचे आहेत. आपला झगा किंवा सदरा एका बाजूस ओढला जातो असें वाटलें तर लाजूं नका. आईला किंवा शिक्षकांना सांगा. वर्गांत कोणी पट्टा लावून आलें तर त्याला टोपणनांव ठेवूं नका. तो पट्टा दिवसांतून कित्येक तास वागविणें हें धैर्याचें काम आहे, आणि मित्रांच्या हंसण्यानेंच मुलें तो काढून ठेवितात. जनकाच्या सभेंत अष्टावक्राला पाहून हंसणारे पंडित शेवटीं स्वतःच लज्जित झाले, ही कथा तुम्हांस ठाऊक आहेच.

त्या विद्यार्थिनीची पुढें शस्त्रक्रिया झाली. ती यशस्वी झाली, एक वर्ष मागें पडूनहि तिनें शालान्त परीक्षा उत्तम गुणांनीं दिली, व आज ती सुखांत आहे. भेटली म्हणजे ती हंसून नमस्कार करते. त्या जुन्या बोलण्याची आठवण तिनें मला कधींहि दिली नाहीं. पण वर्गांत एखादें मूल कललेलें दिसलें कीं “ताठ बैस” हे शब्द आतां माझ्या ओठांवरच थांबतात, आणि मी त्याच्या पालकांस चिठ्ठी पाठवितों. पालकांस विनंति एवढीच कीं, त्या चिठ्ठीची वाट पाहूं नये. येत्या दिवाळींत मुलांच्या पाठीला तेल लावाल, तेव्हां त्यांस एकदां पुढें वांकावयास सांगा, आणि क्षणभर नीट पाहा.